कासारकाकूंचा अंगठा

"अजून मी आहे की, डॉक्टर!" वसंतकाका कासार खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाले.

दवाखान्याच्या खालच्या बेकरीत पावाचे ट्रे आपटत होते, तेवढाच आवाज. मी पद्माकाकूंचा उजवा हात धरून उभा होतो आणि आपलं नेमकं काय चुकलं ते मला कळत नव्हतं. मी एवढंच म्हणालो होतो, "काकू, मनगटाला पट्टा बसवायचा तर या बांगड्या फोडाव्या लागतील."

"सवाष्ण बाईला, तेही कासारणीला, नवऱ्यासमोर असं बोलतात का रे?" काकू म्हणाल्या. "आपोआप फुटली तरी आम्ही बांगडी वाढली म्हणतो. आणि तू फोडायला निघालास."

"म्हणजे, वाढवाव्या लागतील," मी घाईघाईनं सुधारून घेतलं.

"वाढवायच्याही नाहीत," काका म्हणाले आणि स्वतःची तब्येत ठीक आहे ना हे बघितल्यासारखं छातीवर हात ठेवून परत खाली बसले.

शेवटी काकूंनी साबण मागवला, दात-ओठ खात एकेक बांगडी उतरवली, पिशवीतून हिरवा दोरा काढून त्या मनगटात बांधून घेतला आणि मगच हात माझ्या ताब्यात दिला. मी मात्र मनातल्या मनात कॉलेजच्या प्राध्यापकांना शिव्या घालत होतो. शरीरातली सगळी हाडं त्यांनी पाठ करून घेतली होती, बांगड्यांबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मी तेव्हा नवा नवा होतो. कोरेगावच्या बाजारपेठेत बेकरीच्या माडीवर एक खोली, एक पलंग, एक करंट द्यायचं यंत्र आणि भिंतीवर माणसाच्या सांगाड्याचं चित्र, एवढा माझा संसार. मेडिकलला माझा नंबर थोडक्यात हुकला होता. 'थोडक्यात' हा शब्द आईचा. वडील पोलीस हवालदार म्हणून निवृत्त झालेले, ते नुसतं 'हुकला' म्हणत. मग मी फिजिओथेरपी शिकून आलो आणि गावानं मला दोन नावं दिली. तोंडावर डॉक्टर आणि पाठीमागं मालिशवाला. वडील दोन्ही टाळायचे. कुणी विचारलं तर "आमचं पोरगं करंट देतं" असं सांगायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, मी वीज मंडळात लागलोय.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. पेशंटनाही करंटच हवा असायचा. यंत्राची वायर लावली, मुंग्या आल्या, की माणूस खूश. व्यायाम सांगितला की चेहरा पडलाच. "दिवसभर रानात वाकतोय, आणि वर तुमच्यासाठी आणखी वाकू?" असं म्हणून लोक निघून जात. मी मात्र पुस्तक सोडायला तयार नव्हतो. येणाऱ्या प्रत्येकाला मी पुस्तकातला पहिला प्रश्न विचारायचो, आणि तो विचारताना आवाज जरा जड करायचो.

"काकू, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही. तर दहापैकी किती दुखतंय?"

"बारा."

"बारा नसतं काकू."

"तुझ्याकडं नसेल. माझ्याकडं आहे."

मी त्यांना अंगठा आत मिटून मूठ वळायला सांगितली आणि ती मूठ करंगळीच्या बाजूला हलकेच वाकवली. काकू अशा किंचाळल्या की बेकरीतला माणूस जिन्यात आला. निदान मात्र पक्कं झालं. मी चित्रावर काडी ठेवून समजावलं, की अंगठा हलवणाऱ्या दोऱ्या मनगटाच्या कडेला एका अरुंद नळीतून जातात. त्या घासून घासून सुजल्यात आणि आता नळीत मावत नाहीत.

"म्हणजे माप लहान झालंय," काकू म्हणाल्या.

एवढं सोपं मला चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पण मी मान्य केलं नाही. घसा खाकरून म्हणालो, "दीड महिना पट्टा. दीड महिना या हातानं एकही बांगडी भरायची नाही."

काकू काकांकडं बघायला लागल्या. काका चित्रातल्या सांगाड्याकडं बघायला लागले.

"रोहिणीचं लग्न त्याच्या आधीच आहे," काकू म्हणाल्या. "तिचा चुडा मला भरायचाय."

"दुसरं कुणीतरी भरेल की. साताऱ्याहून बोलवा."

"शिरीष, माझा चुडा माझ्या आईनं भरला. तिचा तिच्या आईनं. या पेठेतल्या निम्म्या पोरींना मी सासरी धाडलंय, आणि माझ्या एकुलत्या एका लेकीचा हात दुसऱ्या बाईच्या हातात देऊ?"

"काकू, तुमचा अंगठा महत्त्वाचा आहे."

"कशासाठी?" त्यांनी विचारलं.

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. मी पट्ट्याचे बंद आवळत बसलो.

आठवडाभरानं मी बाजारातून चाललो होतो, तर काकू दुकानाच्या फळीवर बसलेल्या दिसल्या. पट्टा घातला होता, अगदी नीट, बंद आवळून. फक्त डाव्या हातात. उजव्या हातानं त्या एका बाईला बांगड्या भरत होत्या.

मी तिथंच थांबलो. "काकू, पट्टा उजव्या हाताला दिला होता!"

"उजवा काय, गेलाच आता," त्या शांतपणे म्हणाल्या. "डावा तरी नीट राहू दे म्हटलं. आहे तो जपायला नको?"

यावर रागवायचं की हसायचं हे मला ठरवता येईना. ती बाई पैसे देऊन गेली. दुकान वीतभर, वरपासून खालपर्यंत हिरव्या, लाल, जांभळ्या काचेच्या माळा. मला एकदम जाणवलं, की मी या हाताचं सगळं तपासलं होतं, पण हा हात करतो काय ते एकदाही बघितलं नव्हतं. झालं, अंगात शास्त्रज्ञ संचारला.

"काकू, तुम्ही बांगडी नेमकी कशी भरता ते मला दाखवा. हळू."

"कुणाच्या हातात दाखवू? काकांच्या?"

काका लगबगीनं गोडाऊनमध्ये निघून गेले.

"माझ्या," मी म्हणालो आणि बाही सारून हात पुढं केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काकूंनी माझा हात घेतला, चारी बाजूंनी दाबून बघितला आणि म्हणाल्या, "लाकूड आहे नुसतं. सैल सोड की."

"सैलच आहे."

"हा सैल? अरे, तुझा हात तुझा नाहीच असं समज. दे मला."

येईल त्याला मी रोज "हात सैल सोडा" म्हणत होतो. ते ऐकून कुणाला काय करता येतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. काहीही करता येत नाही. जितकं ऐकावं तितका हात आवळतो. काकूंनी माझी बोटं चुरगाळली, अंगठा तळहातात दुमडला, मनगट वाकडं करून आपल्या अंगठ्यानं रेटा दिला आणि पहिली हिरवी बांगडी माझ्या मनगटावर सरकली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांच्याही आलं.

"हेच! हेच!" मी ओरडलो. "मनगट वाकडं आणि वर अंगठ्याचा जोर. त्या दोऱ्यांचं इथंच वाटोळं होतंय. परत दाखवा."

अशा शास्त्राच्या भरात माझ्या हातात पाच-सहा बांगड्या चढल्या. मला कारण सापडलं होतं. आनंदानं मी म्हणालो, "आता काढा."

काकूंनी प्रयत्न केला. माझा हात तोवर सुजून लाल झाला होता, आणि उतरवायला चढवण्यापेक्षा जास्त जोर लागतो. त्यांच्या अंगठ्यात तेवढा जोर उरलाच नव्हता.

"मग फो... वाढवा," मी म्हणालो.

"लग्नघर आहे हे. लग्नाच्या तोंडावर मी मुद्दाम काच वाढवत नसते. जा घरी, तेल लाव, उतरतील. आणि भरल्या की नमस्कार करायचा असतो कासाराला."

मी नमस्कार केला. नेमक्या त्याच वेळी समोरच्या किराणा दुकानातून आमच्या गल्लीतल्या दोन बायका बाहेर पडल्या. ऐन उन्हाळ्यात लांब बाह्या मनगटापर्यंत ओढून मी स्कूटर चालवत घरी पोचलो, त्याच्या आधी बातमी पोचली होती.

वडील अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी माझ्या मनगटाकडं बोट केलं. "हे काय?"

"ट्रीटमेंट आहे."

"कुणाची?"

आईनं खोबरेल तेल लावून बांगड्या उतरवल्या. वडिलांनी पेपर तोंडापुढं धरला, तो उलटा होता. त्यांची सगळी नोकरी "जमत नसेल तर हातात बांगड्या भरा" हे शिपायांना सुनावण्यात गेली होती. आता त्यांचाच मुलगा भर बाजारात भरून आला होता, आणि वर कासारणीच्या पाया पडून.

पण माझं डोकं दुसरीकडंच होतं. दुसऱ्या दिवशी मी उशी घेऊन दुकानात गेलो आणि काकूंना सांगितलं, "चुडा तुम्हीच भरणार. पण डाव्या हातानं. उजवा पट्ट्यात. समोरच्या बाईचा हात उशीवर ठेवायचा, आपलं मनगट सरळ ठेवायचं, आणि रेटा अंगठ्यानं नाही, तळहाताच्या गादीनं द्यायचा."

"डाव्या हातानं? शुभकार्यात?"

ही अडचण मला सुचलीच नव्हती. काकूंनीच थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "आईचा हात आहे. आईच्या हातात डावं-उजवं काय असतंय?" काका आतून म्हणाले, "बरोबर आहे." एवढ्यावर धर्मशास्त्र मिटलं.

शिकवायला हात कुणाचा घ्यायचा, हा प्रश्नच नव्हता. दुपारी दवाखाना बंद असायचा तेव्हा मी दुकानात जाऊन उशीवर हात ठेवायचो. काकू विद्यार्थिनी म्हणून भयंकर होत्या. चूक झाली की मला रागवायच्या. "हाताला तुझ्या हाडं फार," "काल जेवलास किती?" असले दोष काढायच्या. नवशिक्या हातात काच वाढायची ती माझ्या हातावर. एका दुपारी दोन, एका दुपारी चार. माझ्या हाताची सालटी निघाली. कुस्ती खेळणारे दोन भाऊ खांद्यासाठी माझ्याकडं येत होते, त्यांनी यायचं बंद केलं. बांगड्या भरणाऱ्या माणसाच्या हाताखाली झोपणं त्यांच्या तालमीला पटलं नसावं. उलट गल्लीतल्या बायका गुडघे घेऊन यायला लागल्या. तपासताना त्या माझ्या मनगटाकडं बघायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या.

मी रोज विचारायचो, "दहापैकी किती?"

"नऊ." मग आठवड्यानं, "सात." एकदा म्हणाल्या, "तुझं किती?" मी हात बघून म्हणालो, "आठ." काकू खूप हसल्या. "बघ, नुसतं विचारायला काय जातंय!"

एका दुपारी दुकानासमोर सायकल थांबली. वडील उतरले. चालण्यावरूनच कळत होतं, की ते मला कॉलर धरून बाहेर काढायला आलेत. फळीवर पाय ठेवून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर उशीवरच्या माझ्या हातावर पडली. नुकतीच एक बांगडी वाढली होती आणि अंगठ्याजवळून रक्ताचा ओघळ उशीवर उतरत होता. काकू तो हळद लावून दाबत होत्या.

"हे रोज होतं?" वडिलांनी विचारलं.

"रोज नाही," मी म्हणालो.

"रोज होतं," काकू म्हणाल्या. "हवालदार, तुम्हाला काय बोलायचं ते मला बोला. पोरगं माझ्यापायी हात चिरून घेतंय. मी नको म्हटलं, ऐकत नाही. माझ्या लेकीचा चुडा माझ्याच हातानं भरायचा, असं त्यानं मनावर घेतलंय."

रस्त्यावरून ओळखीचा एक शिपाई गेला, त्यानं सॅल्यूट केला, तो वडिलांनी घेतला नाही. मग ते फळीवर माझ्या शेजारी बसले आणि शर्टाची बाही दुमडायला लागले.

"याला संध्याकाळी पेशंट बघायचे असतात," ते म्हणाले. "हात चांगला पाहिजे. माझा धरा."

"अहो, बाजार बघतोय!" मी म्हणालो.

"बघू दे. कोण हसतं ते मलाही बघायचंय."

कुणी हसलं नाही. निकम हवालदाराचा केसाळ हात उशीवर आणि त्यात हिरवी बांगडी, हे दृश्य बघून एकही माणूस हसला नाही, कारण हवालदार प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत होते. गंमत म्हणजे त्यांचा हात माझ्यापेक्षा सैल निघाला. काकू म्हणाल्या, "लोण्यासारखा आहे बघ, शिक काहीतरी." वडिलांनी माझ्याकडं बघितलं. मेडिकलला नंबर लागलेल्या मुलाच्या बापासारखी त्यांची मान ताठ झाली होती. मी उगाच माळा मोजत राहिलो. बांगडी भरून झाल्यावर त्यांनी नमस्कारसुद्धा केला.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी कासारांच्या अंगणात चुडा होता. पाटावर हिरव्या बांगड्या मांडून हळदकुंकू वाहिलेलं, भोवती गल्लीतल्या साऱ्या बायका. पुरुषांचं तिथं काही काम नसतं, पण काकूंनी आम्हा बापलेकांना बोलावून खांबाजवळ बसवलं होतं. रोहिणीसमोर उशी ठेवली. उशीवर माझ्या रक्ताचा डाग होता, त्यावर काकूंनी नवी खोळ चढवली होती.

काकूंनी पट्टा बांधलेला उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं पहिली बांगडी उचलली. मनगट सरळ. तळहाताची गादी. बांगडी सुळकन गेली. मी श्वास सोडला, शेजारी वडिलांनीही सोडला. एक हात भरला. दुसरा भरत आला. बायका गाणं म्हणत होत्या. शेवटची बांगडी उरली, आणि ती रोहिणीच्या बोटांच्या पेरांवर अडली.

रोहिणी तोवर रडत नव्हती. आता तिचा बांध फुटला आणि हात घट्ट झाला.

"सैल सोड बाळ," काकू म्हणाल्या.

"सुटत नाही आई."

काकूंचा डावा हात दमला होता. बायकांचं गाणं थांबलं. चुड्याची बांगडी भरताना वाढली तर पुढं आयुष्यभर लोक तेच काढणार, हे तिथं प्रत्येकीला माहीत होतं. साताऱ्याची एक आत्या पुढं सरकत म्हणाली, "पद्मा, आण इकडं, एकच तर राहिलीय, मी भरते."

काकूंनी बांगडी सोडली नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

पुस्तकाप्रमाणे अजून दीड महिना झाला नव्हता. मी उठलो, त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि उजव्या हाताच्या पट्ट्याचे बंद सोडले.

"ही एक उजव्या हातानं भरा, काकू."

"अरे, तूच तर नको म्हणाला होतास."

"तुम्ही विचारलं होतं ना, अंगठा कशासाठी महत्त्वाचा ते? याच्यासाठी."

काकूंनी लेकीचा हात दोन्ही हातांत घेतला. घाई केली नाही. तिचं एकेक बोट चोळत राहिल्या, लहानपणी न्हाऊ घालताना चोळत असतील तसं, आणि परत 'सैल सोड' म्हणाल्या नाहीत. रोहिणीचा हात कधी सैल झाला ते तिलाही कळलं नसेल. अंगठ्याचा एक रेटा, आणि बांगडी बाकीच्या बांगड्यांना जाऊन भिडली.

रोहिणी वाकून आईच्या पाया पडली. काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"दुखलं वाटतं रे," वडील मागून माझ्या कानाशी कुजबुजले. "करंट देतोस का थोडा?"

एवढ्या दिवसांची मेहनत एका बांगडीत घालवली की काय, या भीतीनं मी सगळ्या बायकांसमोर, त्याच जड आवाजात विचारलं, "काकू, दहापैकी किती?"

काकूंनी लेकीला जवळ ओढली आणि उजवा अंगठा माझ्यापुढं धरून गोल फिरवून दाखवला.

"दहा," त्या म्हणाल्या. "पण हा नाही रे दुखत."